तीन मुठी लिंबूसत्व

मे महिन्यात दुपारी साडेबाराला अकोल्यात कोणी गच्चीवर जाऊन बसलं, तर शेजारचे आधी घरच्यांकडे बघतात, काही भांडणबिंडण झालं की काय म्हणून. नत्थुजींच्या घरात भांडण झालेलं नव्हतं. तरीही त्यांच्या पत्नी पार्बताबाई गेले तीन दिवस भर दुपारी गच्चीवर बसत होत्या. खाली पाट, डोक्यावर पदर, मांडीवर कैरीच्या फोडींची वाटी. फोड दाताखाली आली की डोळे मिटायच्या आणि मिटल्या डोळ्यांनीच खालून हाका मारणाऱ्या नवऱ्याला उत्तर द्यायच्या.

"अजून वीस मिनिटं राहिले. घड्याळ पाहून बसली मी."

"अवं, पण ऊन किती हाय!"

"थे ऊन नाई, थे औषध हाय. तुमी जा कूलरसमोर बसा."

नत्थुजी जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर उभे राहत. त्यांच्या सदऱ्याच्या खिशात कांदा होता. उन्हाळ्यात खिशात कांदा असला की ऊन लागत नाही हे त्यांना वडिलांनी शिकवलं होतं, आणि यापलीकडे उन्हावरचा दुसरा इलाज त्यांच्यापाशी नव्हता. बायकोवरचा तर एकही नव्हता.

या सगळ्याला कारण दामिनी. पार्बताबाईंच्या बहिणीची ही मुलगी वलगावची, हुशार, आणि अमरावतीला एका प्रयोगशाळेत कॅन्सरच्या औषधांवर संशोधन करत होती. रविवारी मावशीला भेटायला आली आणि जेवताना तिने मोठ्या कौतुकाने आपला नवा निकाल सांगितला. प्लास्टिकच्या ताटलीत कॅन्सरच्या पेशी वाढवायच्या, त्यांच्यावर औषध टाकायचं. सदतीस अंशाला, म्हणजे आपल्या अंगाच्या गरमीला, शंभरातल्या चाळीस मरतात. पण त्यांच्याभोवतीचं पाणी जरासं आंबट केलं आणि गरमी एक्केचाळीसवर नेली, की तेच औषध, तेवढंच औषध, ऐंशी मारतं.

"दुप्पट, मावशी!" भाकरीचा घास हातात धरून दामिनी म्हणाली होती. "मोठ्या दवाखान्यात तं ऑपरेशनच्या टायमाले पोटात गरम केलेलं औषध फिरवतात."

पार्बताबाईंनी ऐकून घेतलं. मध्ये एक शब्द बोलल्या नाहीत, आणि तिथेच नत्थुजींना संशय यायला हवा होता. पार्बताबाई गप्प बसून ऐकतात तेव्हा त्या ऐकत नसतात, निवडत असतात. आयुष्यभर भाजी निवडलेली बाई. त्यांनी त्या सगळ्या बोलण्यातून आंबट आणि गरम एवढे दोन दाणे उचलले आणि बाकीचं सुपातून पाखडून टाकलं.

हिवाळ्यात त्यांच्या पोटातली गाठ काढली होती. उरलंसुरलं मारायला औषधाचे सहा डोस सांगितले होते, त्यातले चार झाले होते. पाचवा पुढच्या आठवड्यातल्या मंगळवारी होता. सोमवारी सकाळी त्यांनी घरात जाहीर केलं.

"दामिनीच्या मशिनीत एक्केचाळीस, आपल्या गच्चीवर पंचेचाळीस. आंबट खाल्लं, उन्हात बसली, का अंगातलं औषध दुप्पट काम करते. चाराचे झाले आठ. डाक्टरनं तं साहाच सांगतले होते. मंगळवारी मी काई येत नाई."

हिशोबात चूक काढायला नत्थुजींना जागा सापडेना. आणि खरं सांगायचं तर पार्बताबाईंना डोस का नको होता ते त्यांना कळत होतं. केस गेले त्याचं तिला काही नव्हतं, ओकारीचंही फारसं नव्हतं. पण प्रत्येक डोसनंतर दहा दिवस तोंडाची चव जायची, आणि ज्या बाईने ठेच्यात मीठ बरोबर आहे म्हटल्याशिवाय गल्लीत कुणाच्या घरचा ठेचा पाट्यावरून उतरत नव्हता, तिला शेजारणीने परवा विचारलंच नाही. ते तिला लागलं होतं. कैरी मात्र लागत होती. चार महिन्यांत पहिल्यांदा तिला काहीतरी चवीचं लागत होतं, आणि तेही औषध म्हणून.

शेजारच्या गंगूबाईंनी चिंचेचा गोळा आणून दिला. त्या स्वतः बसायला तयार नव्हत्या, पण आपल्या गॅलरीच्या सावलीतून सोबत द्यायच्या.

नत्थुजींनी दामिनीला फोन लावला. पलीकडून आधी काहीच आवाज आला नाही, मग एकदम खूप आला.

"मावसाजी, तिले आधी खाली आणा! मी थे ताटलीतल्या पेशीचं सांगतलं, माणसाचं नाई! अंगातल्या पांढऱ्या पेशी कमी असतीन तिच्या. ऊन लागलं, ताप आला तं लेने के देने पडतीन!"

"तूच सांग तिले."

दामिनीने सांगितलं. पार्बताबाईंनी फोन कानाला लावून पाच मिनिटं ऐकलं, "हो बाई, हो बाई" म्हटलं, फोन नवऱ्याच्या हातात दिला आणि वाटी घेऊन वर गेल्या.

नत्थुजींना भीती वाटत होती. बोलून दाखवायची पद्धत त्यांच्यात नव्हती, पण भीती होती ती अशी: ही बाई आजपर्यंत एकदाही त्यांच्या म्हणण्यावरून कुठून उठली नव्हती, आणि आता या वेळेला उठली नाही तर काय. घरात तिचा आवाज नाही असा दिवस ते मनात आणून बघायचे आणि लगेच दुसरं काहीतरी करायला लागायचे.

ती त्यांचं ऐकत नाही याला एक इतिहास होता. त्या इतिहासाचं नाव लिंबूसत्व.

बावीस वर्षांपूर्वी नत्थुजींनी पाऊण एकर मिरची लावली होती. त्यांचं वावर अकोल्याच्या उत्तरेला, खारपाणपट्ट्यात. तिथल्या विहिरीचं पाणी इतकं खारट की चहा त्याचा करू नये आणि फवारणीचं औषध त्यात कालवलं तर औषधाचा जोर जातो. मिरचीची पानं आखडायला लागली, कीड पडली. कुणीतरी सांगितलं, पंपाच्या पाण्यात चिमूटभर लिंबूसत्व टाका, खार मोडतो, औषध नीट लागतं. नत्थुजी तरुण होते. चिमूट म्हणजे त्यांना कमी वाटली. त्यांनी पंपामागे तीन मुठी टाकल्या, असं पार्बताबाई सांगतात. खरा आकडा नत्थुजींनाच माहीत. आणि बायको माहेरी गेली होती, तिने सकाळ-संध्याकाळीच फवारायचं असं बजावलं होतं, म्हणून त्यांनी आश्विनातल्या टळटळीत उन्हात दुपारी एक वाजता फवारलं.

तिसऱ्या दिवशी पार्बताबाई परत आल्या तेव्हा वावरात एक कीड जिवंत नव्हती. मिरचीही नव्हती. पाऊण एकर नुसत्या काड्या उभ्या होत्या.

तेव्हापासून पाहुणा आला, चहा झाला, की ती गोष्ट निघायची. लग्नात, बारशात, एकदा तर रिद्धपूरच्या देवळाच्या पायऱ्यांवर अनोळखी बायकांसमोर. नत्थुजी त्या वेळी बाहेर जाऊन बैल बघायचे. बैल विकल्यानंतर नुसतेच बाहेर जायचे.

तर गुरुवारी सकाळी नत्थुजी अमरावतीच्या एसटीत बसले. बायकोला सांगितलं, बियाणं बघायला जातो. "दामिनीले माही आठवण सांगजा," पार्बताबाई म्हणाल्या.

प्रयोगशाळेत थंडगार होतं. दामिनीने त्यांना चपला काढायला लावून निळ्या पिशव्या पायात घालायला दिल्या. मग तिने कपाटाएवढ्या एका पेटीचं दार उघडलं आणि आतून एक ताटली काढली. हातभरही नाही, वीतभर. तिच्यात ओळीने छोटे छोटे खळगे.

नत्थुजींचा चेहरा उजळला. "अवं, हा तं रोपाचा ट्रे हाय!"

"तसंच समजा."

"आपल्या ट्रेत अठ्ठ्याण्णव घरं असतात."

"याच्यात शहाण्णव."

दोन घरं कमी का, हे त्यांना विचारायचं होतं, पण दामिनी पुढे गेली होती. काही खळग्यांतलं पाणी तांबडं होतं, काहींतलं पिवळं. पिवळं म्हणजे आंबट झालेलं, तिने सांगितलं. गाठीतल्या पेशी भराभर वाढतात, भराभर खातात, आणि स्वतःच्या भोवती स्वतःच आंबट घाण करून ठेवतात. ते आंबट गाठीपाशीच असतं. आपण खाल्लेल्या कैरीचा आणि त्याचा काही संबंध नाही, रक्त आपलं आंबट होऊ देत नाही. आणि गरमी द्यायची ती मशिनीने, अर्धा अंश इकडे की तिकडे होऊ न देता, फक्त जिथे हवी तिथे.

मग तिने त्यांना दुर्बिणीतून बघायला लावलं. आधी साधी रांग: दाटीवाटीने चिकटलेल्या पेशी, मधूनमधून मेलेल्या. मग आंबट आणि गरम रांग. तिथे जवळजवळ सगळ्याच आखडून, गोळा होऊन, तळ सोडून वर तरंगत होत्या.

नत्थुजी बराच वेळ एका डोळ्याने बघत राहिले. ते आखडणं त्यांच्या ओळखीचं होतं.

"बेटा," ते म्हणाले, "हे सगळे तण हाय न? म्हंजे कॅन्सरवाले?"

"हो, सगळे."

"अन पीक कोठी हाय?"

"काय?"

"चांगल्या पेशी. त्याइच्यावर टाकून पाह्यलं का तुनं हे आंबट, गरम अन औषध?"

पुढच्या वर्षीच्या कामात ते लिहिलेलं आहे, असं काहीतरी दामिनी म्हणाली, पण आवाजात दम नव्हता.

"मी पाह्यलं हाय," नत्थुजी म्हणाले. "हा प्रयोग मी केला हाय. पाऊण एकरात."

दामिनीने ती गोष्ट लहानपणापासून निदान तीसदा ऐकली होती. दरवेळी हसली होती. आता तिने हातातली ताटली खाली ठेवली आणि मावसाजींकडे पाहिलं, मग ताटलीकडे. त्याच दुपारी तिने दुसऱ्या कपाटातून निरोगी पेशी काढल्या आणि नव्या ट्रेच्या अर्ध्या घरांत पेरल्या. नत्थुजी ते होईपर्यंत स्टुलावर बसून राहिले. पेरणी चालू असताना निघून जाणं त्यांना बरं वाटलं नाही.

शनिवारी दामिनी अकोल्याला आली. येताना थर्मामीटर आणला होता आणि रस्ताभर भाषण तयार केलं होतं. मावशी गच्चीवरून उतरल्या उतरल्या तिने थर्मामीटर त्यांच्या जिभेखाली ठेवला. मग विजयाने तो सगळ्यांना दाखवला.

"पाय, मावशी. अर्धा तास उन्हात बसून अंग तेवढंच हाय जेवढं असाले पायजे. घाम येते, अंग थंड राह्यते. एक्केचाळीस-बिक्केचाळीस काई होत नाई."

पार्बताबाईंनी विचार केला. "म्हंजे अर्धा तास कमी पडते. उद्यापासून एक तास बसतो."

दामिनीने डोक्याला हात लावला. "अन आंबट! पोटातलं आंबट रक्तात आंबट राह्यत नाई, कितीबी कैऱ्या खा!"

"मंग आंबट खाल्लं का मले छातीत जळजळ काहून होते? पोटातच राह्यते न म्हणतं तं छातीत कसं येते?"

यावर अमरावतीच्या प्रयोगशाळेकडे उत्तर होतं, पण ते लांब होतं, आणि मावशी तोपर्यंत पाणी प्यायला गेल्या. गंगूबाई गॅलरीतून म्हणाल्या, "पोट्टी शिकलेली हाय, पण पार्बताबाईचं म्हणणं बरोबर वाटते बाई." दामिनी जिन्याच्या पायरीवर बसली आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मी काहून बोलली मावसाजी, असं ती दोनदा म्हणाली.

रविवारी साडेबाराला पार्बताबाई वर गेल्या. आज एक तासाची तयारी होती. वाटी मोठी होती.

नत्थुजी जिन्यापाशी आले. तिसरी पायरी चढले, चौथी चढले, आणि खिशातला कांदा चाचपून थेट गच्चीवर गेले. ऊन असं की डोळे उघडे ठेवणं कठीण. ते बायकोशेजारी खाली बसले आणि चटका बसून लगेच उठले, मग पायातल्या चपला काढून त्यांच्यावर बसले.

"तुमी काहून आले?"

बावीस वर्षांत हा विषय नत्थुजींनी स्वतःहून एकदाही काढला नव्हता. बायको मरेल या भीतीपुढे ही भीती छोटी होती, पण जुनी होती.

"मी पंपात लिंबूसत्व किती टाकलं होतं?"

पार्बताबाईंनी मान वळवून पाहिलं. नवरा शुद्धीवर आहे याची आधी खात्री केली. "तीन मुठी," त्या म्हणाल्या. "चिमूटभर सांगतलं होतं, अन यायनं तीन मुठी टाकल्या!" गंगूबाईंना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, सवयीने.

"अन वाजले किती होते?"

"एक! भर दुपारचा एक! मी जाताना सांगून गेलती, उन्हात फवारू नका, पान जळते. औषधात ऊन मिसळलं का औषध औषध राह्यत नाई. शेंबड्या पोराले समजते थे, पण यायले..." त्या रंगात आल्या. किती दिवसांनी. हात वर गेला, पदर मागे सरकला, केस गेलेलं डोकं उन्हात चमकायला लागलं आणि त्यांच्या लक्षातही आलं नाही. नत्थुजींनी सगळं ऐकून घेतलं. मध्ये थांबवलं नाही. काड्यांपर्यंत गोष्ट आली तेव्हा त्यांनी विचारलं.

"पण कीड मेली होती न?"

"मेली न! एक नाई उरली."

"मंग काहून कल्ला करतं बावीस वर्षांपासून? औषध दुप्पट लागलं. आंबट होतं, गरम होतं, सगळी कीड मेली. सांग न. काय नुसकान झालं?"

"नुसकान काय झालं? अवो, मिरची नाई का..."

पार्बताबाई थांबल्या. हातात कैरीची फोड होती. ती त्यांनी पाहिली, मग वर सूर्याकडे पाहायला गेल्या आणि डोळे मिटून घेतले.

"म्हंजे," त्या हळू आवाजात म्हणाल्या, "मी मिरची हाय का?"

"कीड काय, मी ओळखतबी नाई तिले," नत्थुजी म्हणाले. "मले मिरची पायजे. कीड डाक्टर पायतीन. सकाळ-संध्याकाळ, मापानं, हळूहळू. जशी तू सांगून गेलती तशी."

पार्बताबाईंनी फोड वाटीत टाकली. पदर डोक्यावर घेतला. मग उठताना नवऱ्याच्या खांद्यावर हात ठेवला, गुडघ्यासाठी ठेवला असं वाटावं इतपत, आणि जिना उतरल्या. उतरताना गंगूबाईंना सांगितलं की चिंच घेऊन जा बाई आपली, वरणात टाकायच्या कामी येईल.

मंगळवारी दवाखान्यात सलाईनच्या नळीतून पाचवा डोस थेंब थेंब उतरत होता. सिस्टर तरुण होती. गच्चीचा प्रकार तिने ऐकला तेव्हा तिच्या हातातला ट्रे खाली पडता पडता राहिला. पार्बताबाईंना तिने चांगलं झापलं आणि त्यांनी ते निमूट ऐकून घेतलं. नत्थुजींनी हे आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं. एवढ्यात दामिनीचा फोन आला. पार्बताबाईंनी तो मोकळ्या हाताने कानाला लावला.

"मावशी, थ्या चांगल्या पेशी पाह्यल्या आज. नुसत्या औषधानं बऱ्याच तगल्या होत्या. पण आंबट अन गरम केल्यावर त्याबी चालल्या. कॅन्सरवाल्यापेक्षा कमी, पण चालल्या. सर म्हणते, हे आधीच पाहाले पायजे होतं, आता माह्या कामात हे पयलं येईन."

"त्याच्यात नवल काय?" पार्बताबाई म्हणाल्या. "तुह्या मावसाजीनं बावीस वर्षांआधी हेच काढलं होतं." फोन ठेवला आणि सिस्टरकडे वळल्या. डोळ्यांत ती जुनी चमक होती. "तुले सांगतो सिस्टर. आमची मिरची होती, पाऊण एकर. अन मी गेली माहेरी."

सिस्टरने नळीचा वेग बघितला आणि पलंगाच्या कडेला टेकली. नत्थुजी सवयीने उठले, दारापर्यंत गेले. दाराला हात लावला, आणि परत येऊन स्टुलावर बसले.

"...तं यायनं काय केलं, पंपात टाकल्या तीन मुठी लिंबूसत्व!"

"तीन नाई," नत्थुजी म्हणाले.

पार्बताबाई बोलता बोलता थांबल्या.

"चार होत्या," नत्थुजी म्हणाले. "मी तुले तीन सांगतल्या होत्या."

पार्बताबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. सिस्टर एकदा यांच्याकडे, एकदा त्यांच्याकडे बघत राहिली. सलाईनचा थेंब पडला, मग दुसरा पडला.

"पाय सिस्टर," पार्बताबाई शेवटी म्हणाल्या, आणि त्यांना हसू आवरेना, "आता मले साहावा डोसबी घ्या लागते. ही गोष्ट आता सगळ्या गावाले पयलेपासून सांगा लागीन."